फाइलच्या बाहेरची दुरुस्ती

माझा मित्र धडगावच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरचा. घरी पावरी, आश्रमशाळेत मराठी आणि इंजिनिअरिंगला इंग्रजी, अशा तीन भाषांतून तो शिकला आणि तिन्ही ठिकाणी थोडा थोडा परका राहिला, असं तोच म्हणायचा. कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होता म्हणून मला ताई म्हणू लागला, ते पुढेही तसंच राहिलं. आईच्या आजारपणामुळे मी पुण्यातली नोकरी सोडून शहाद्याला परत आले, तेव्हा तो इथेच होता. दोघंही घरी बसून बाहेरच्या कंपन्यांची कामं करायचो आणि अधूनमधून संध्याकाळी एसटी स्टँडच्या मागच्या हॉटेलात चहाला भेटायचो.

त्याच्या वडिलांना टीबी झाला होता. औषधाची आठवण करून देणारे फोन यायचे, आधी रेकॉर्ड केलेले, शुद्ध मराठीतले. वडील फोन कानाला लावून उभे राहायचे, संपेपर्यंत ऐकायचे आणि खाली ठेवायचे. काय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणायचे, साहेब बोलला. मित्रानं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसत होता. नंतर कधी त्यानं ते हसत सांगितलं नाही.

वडील बरे झाले, पण ती गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती. त्यानं एक लायब्ररी लिहायला घेतली. लायब्ररी म्हणजे स्वतः चालणारा प्रोग्राम नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामांनी आपल्या पोटात घालून वापरायचा तयार भाग. याच्याकडे मराठीत लिहिलेलं साधं वाक्य द्यायचं, औषधाचं, तारखेचं, दवाखान्यात येण्याच्या वेळेचं, आणि यानं ते पावरीत बोलून दाखवायचं. आवाज त्याच्या बहिणीचा. बियाणं ठेवायच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून त्यानं तिच्याकडून शब्दच्या शब्द म्हणवून घेतले. बाहेर कोंबड्या ओरडायच्या, की पुन्हा पहिल्यापासून. बहीण वैतागायची, पण तिनं काम अर्धवट सोडलं नाही.

काम उभं राहिल्यावर ते सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवायचं ठरलं. नुसतं ठेवून भागत नाही. कुणी ते कोणत्या अटींवर वापरायचं, हा परवाना सोबत लिहून ठेवावा लागतो. तो नसेल तर कोड दिसत असूनही कायद्यानं कुणाला वापरता येत नाही. आमच्यापुढे तीन रस्ते होते. पहिला एकदम मोकळा: घ्या, हवं ते करा, फक्त मूळ नाव राहू द्या. दुसरा कडक: आमचा कोड तुमच्या प्रोग्रामात मिसळून लोकांना देणार असाल, तर तुमचाही सगळा प्रोग्राम असाच खुला करावा लागेल. तिसरा या दोघांच्या मधला, ज्याला सौम्य कॉपीलेफ्ट म्हणतात. त्यात आमच्या फाइली तुमच्या बंद प्रोग्रामात बसवायला मुभा असते. आमच्या फाइलींमध्ये काही बदल करून तो प्रोग्राम लोकांना दिलात, तर त्या बदललेल्या फाइली याच अटींवर खुल्या करायच्या. भोवती तुमच्या स्वतःच्या फाइलींत जे लिहाल, ते तुमचं. ते दाखवायची सक्ती नाही.

मी कडक परवान्याच्या बाजूनं होते. पुण्यात मी कंपन्या पाहिल्या होत्या. त्यानं नकारार्थी मान हलवली. "ताई, कडक ठेवला तर कंपन्या हातच लावणार नाहीत," तो म्हणाला. "आणि कुणीतरी पावरीला हात लावावा, म्हणून तर हे केलं ना."

घरी वडिलांना त्यानं ते तिफणीवरून समजावलं होतं. आपली तिफण कुणीही पेरायला न्यावी. तिच्यात काही सुधारणा केली, तर ती सुधारणा आपल्याला दाखवावी, म्हणजे आपली तिफणही तशी करता येईल. पण शेतात काय पेरलं आणि काय पिकलं, ते त्याचं. वडिलांना हे न्यायाचं वाटलं. मलाही, खरं सांगायचं तर, त्या दिवशी त्यात खोट काढता आली नाही. परवाना मधलाच ठरला.

पुढे सगळं त्याच्या मनासारखं होत गेलं. दूरच्या शहरातली, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी एक कंपनी होती. तिला मध्य प्रदेशाच्या बाजूच्या पावरी बोलणाऱ्या गावांसाठी असं काहीतरी हवंच होतं. त्यांच्या वकिलांनी परवाना वाचला आणि परवाना असा आहे म्हणूनच त्यांनी लायब्ररी घेतली. काही महिन्यांनी त्यांनी आमच्या फाइलींमध्ये केलेले बदल जाहीर केले. शब्दाच्या शेवटी आवाज जो तुटायचा, तो त्यांनी मऊ केला होता, आणि लांब वाक्यात श्वास घेतल्यासारखी जागा ठेवली होती. मित्रानं ते बदल आपल्या प्रतीत घेतले आणि बहिणीला ऐकवले. आता मी माझ्यासारखी बोलते, असं ती म्हणाली. तो फार आनंदात होता. परवाना असा काम करतो बघ, असं मला दोनदा म्हणाला.

आमच्या इकडे डोंगराच्या पायथ्याला एक छोटा धर्मादाय दवाखाना आहे. त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी खुल्या लायब्ररीवरच एक साधा प्रोग्राम जुळवून दिला. तिथली कळसाडीकडची नर्सबाई पेशंटचं औषध त्यात लिहायची, आणि संध्याकाळी पावरीत आपोआप फोन जायचा. लोक फोनवरच्या बाईला ओळखू लागले. काहीजण तिला उत्तरं द्यायचे.

त्या पेशंटांमध्ये एक बाई होती. तिशीच्या आतली. लहानपणी ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेली, मोठ्या शहरात नेऊन बदललेली. अशा माणसाला पुढे जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, आणि ती नेमकी घ्यावी लागते. कमी पडली तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाली तर आत कुठेही रक्तस्राव होतो. म्हणून मधून मधून रक्त तपासून गोळीचं प्रमाण बदलतात.

ती तपासणीला शहाद्याला यायची, तेव्हा एकदा मित्रासोबत मी तिला भेटले होते. तिच्याबरोबर नवरा होता आणि शाळेत नुकतीच जाऊ लागलेली मुलगी. बोलण्यात ती फार चटपटीत. फोनवरची बाई नदीपलीकडची दिसते, आमच्यासारखी बोलत नाही, असं तिनं मित्राला तोंडावर सांगितलं. ती त्याची बहीण आहे हे कळल्यावर तोंडाला पदर लावून हसत बसली. मोहाची फुलं वेचायला आता पूर्वीसारखं जाता येतं, हे तिनं मला स्वतःहून सांगितलं. ऑपरेशनच्या आधी तिला विहिरीपर्यंतही चालवत नसे.

गेल्या वर्षी भात कापायच्या सुमाराला तिची तपासणी झाली. रिपोर्ट आला तोवर ती पाड्यावर परतली होती; रक्त हवं त्यापेक्षा थोडं जास्त पातळ निघालं. डॉक्टरांनी रोजच्या एका गोळीची अर्धी केली. नर्सबाईनं तसं लिहिलं, फोन जाऊ लागले. पुढची तपासणी महिन्यानं होती.

तो महिना पुरा व्हायच्या आत तिचं डोकं दुखायला लागलं. हिरड्यांतून रक्त येत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी दळताना ती जात्यावरच कलंडली. जीपमधून खाली आणलं, तिथून नंदुरबारला हलवलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. रक्त फारच पातळ झालं होतं, या औषधात असं होऊ शकतं, असं तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं. तेही खोटं नव्हतं. कुणाला कसली शंका आली नाही, आम्हालाही नाही.

मित्र भेटायला तिच्या पाड्यावर गेला. मी गेले नव्हते, आईला सोडून जाता येत नव्हतं. पुढचं त्यानंच सांगितलेलं आहे. तो ओसरीत नवऱ्याजवळ बसला होता. ऊन कलत आलं होतं, मुलगी आत कुणाकडे तरी होती. नवऱ्याचा फोन वाजला. दवाखान्याच्या यादीतून बाईला काढायचं राहून गेलं होतं. नवऱ्यानं फोन उचलून स्पीकरवर ठेवला आणि खाली मान घालून ऐकत राहिला, जसा रोज ऐकत असावा. मित्राच्या बहिणीचा आवाज त्या बाईची विचारपूस करत होता, आणि मग म्हणाला, आज एक दोन गोळी घ्या.

मित्राला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. नवऱ्याला त्यानं विचारलं की ती किती गोळ्या घ्यायची. नवरा म्हणाला, फोनवर सांगतात तेवढ्या. एखाद दिवशी एक, बहुतेक वेळा दोन. बरं वाटत नसलं की दोनच.

काय झालं होतं ते त्याला तिथेच बसल्या जागी कळलं. नर्सबाईनं अर्धी गोळी आकड्यात लिहिली होती: एक, मध्ये तिरकी रेघ, दोन. कुणीही तसंच लिहितं. लायब्ररीला तिरकी रेघ कळत नव्हती. तिनं ती गाळली आणि उरलेले दोन आकडे वाचले. वाचताना अडखळली असती, काही वेडंवाकडं बोलली असती, तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. पण एक दोन असं नुसतं म्हटलं, तर आमच्याकडच्या सगळ्याच बोलींत त्याचा सरळ अर्थ होतो. एखाद-दुसरी. वाक्य अगदी चांगलं, रोजच्या बोलण्यातलं झालं होतं. आम्ही त्या लायब्ररीला खूप वाक्यं देऊन ऐकली होती. आकडे शब्दांत लिहूनच दिले होते, कारण आम्हाला तसंच सुचलं.

तो तिथून निघाला तो थेट दवाखान्यात आला आणि मला बोलावून घेतलं. सगळे फोन बंद केले. नर्सबाईला त्यानं शांतपणे सांगितलं.  "मी तर कायम तसंच लिखस," ती म्हणाली. "डॉक्टर पन तसंच लिखतस." मग तिला रडू फुटलं. आम्ही दोघं तिला सांगत होतो की यात तुमची काही चूक नाही, आणि ते खरंच होतं, पण त्या वेळी ते ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती.

ज्यांना ज्यांना अर्धी गोळी लिहिली होती, त्या प्रत्येकाला त्या संध्याकाळी माणसाच्या तोंडून फोन केला. पावरीत मित्र बोलत होता, ज्यांना अहिराणी कळायची त्यांच्याशी मी आणि नर्सबाई. एक म्हातारा रक्तदाबाची गोळी दुप्पट घेत होता, त्याला चक्कर यायची. एक बाई अर्धीच घेत होती, कारण तिच्या सुनेला वाचता यायचं आणि पाकिटावर लिहिलेलं होतं. बाकीच्यांना काही झालं नव्हतं. कुणी फोन उचलायला उशीर केला, की मित्र भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहायचा.

दुरुस्ती लिहायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. दोन आकड्यांच्या मध्ये तिरकी रेघ आली, तर तो अपूर्णांक समजून अर्धा, पाव, पाऊण असं बोल. बस. त्यानं ती लिहिली, नवी आवृत्ती जाहीर केली, आणि ठळक अक्षरात सूचना दिली की जुनी आवृत्ती औषधाच्या कामाला वापरू नका.

मग मला त्या कंपनीची आठवण झाली. त्यांचा प्रोग्राम आमच्यापेक्षा कितीतरी जास्त गावांत चालत होता. मी घाबरून त्यांच्या प्रोग्रामरला ईमेल लिहिला. त्यांनी आधीचे बदल जाहीर केले तेव्हा त्याच्याशी आमची ओळख झाली होती. त्यानं लगेच फोन केला. काय झालं ते मी सगळं सांगितलं.  तो म्हणाला की आमच्याकडे तो धोका नाही. आम्हाला ते पावसाळ्याच्या आधीच सापडलं होतं, तपासताना. आम्ही ते दुरुस्त केलेलं आहे.

मी म्हटलं, मग आमच्याकडे ते का आलं नाही? परवान्यानं ते द्यायला हवं होतं.

"मॅडम, तुमच्या फाइलींना आम्ही हात लावला नाही," तो म्हणाला. "वाक्य तुमच्याकडे जायच्या आधीच आमच्या बाजूला रेघेचा शब्द करून टाकतो. ती फाइल आमची आहे."

असं का केलं, हे मी विचारलं, आणि त्यानं तेही सांगितलं. तो मनानं वाईट माणूस नव्हता. आमच्या फाइलीत बदल केला, की तो जाहीर करावा लागतो. जाहीर करायचा म्हणजे त्यांच्या कंपनीत वकिलांकडून मंजुरी घ्यावी लागते, कागद फिरतो, आठवडे जातात. आधीच्या वेळी तसे गेले होते. काम तातडीचं होतं, म्हणून त्यांनी ते आपल्या आवारात उरकलं. आम्हाला एक ओळ लिहून कळवायचं त्याच्या मनात होतं. पण कळवायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मग ते राहून गेलं. एवढं बोलून त्यानं विचारलं की त्या बाईला मुलंबाळं आहेत का. मी सांगितलं. 

त्या दिवशी मी परवाना पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. कुठेतरी त्यांना धरता येईल अशी एखादी ओळ सापडावी, असं मला वाटत होतं. अशी ओळ नव्हती. त्यांनी अक्षरशः परवान्याप्रमाणे वागून दाखवलं होतं. परवाना आमच्या फाइलीच्या कडेपर्यंत होता, आणि त्यांनी दुरुस्ती कडेच्या पलीकडे केली होती. चूक आमच्या फाइलीत राहिली आणि तिचं उत्तर त्यांच्या फाइलीत. ती रोजची एक गोळी नेमानं घेत असताना, तिला अर्धी गोळी लिहिली जायच्या कितीतरी आधी, ते उत्तर या जगात लिहिलेलं होतं. आणि ते आम्हाला दाखवायला कुणी बांधील नव्हतं.

मी रागाच्या भरात मित्राला म्हटलं की आता परवाना बदल, कडक कर. कोड त्याचा होता, त्याला तो हक्क होता.  तो म्हणाला की बदलला तरी तो यापुढच्या आवृत्तीला लागेल. जी त्यांनी आधी घेतली ती जुन्या अटींवर त्यांचीच राहील. आणि कडक असता तर त्यांनी ही लायब्ररी घेतलीच नसती. त्यांना ती चूक सापडली नसती, आणि तिथल्या गावांत अजून परक्या भाषेतलेच फोन येत राहिले असते. तो हे मला समजावत नव्हता, स्वतःशीच हिशेब मांडत होता, आणि तो कुठल्याच बाजूनं सुटत नव्हता. पुढच्या कितीतरी भेटींत आम्ही त्या हिशेबावर येऊन थांबायचो. चहा तसाच निवून जायचा.

नवऱ्याला सांगायचं त्यानं आपण होऊन ठरवलं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्याला सोबत येतो म्हटलं, पण तो नको म्हणाला, फक्त मला घेऊन गेला. अक्कलकुव्याच्या रस्त्यानं आम्ही वर गेलो. नवरा शेतातून आला, आम्हाला पाणी दिलं. मित्रानं पावरीत सगळं सांगितलं. मला भाषा अर्धीमुर्धी कळते, पण त्या दिवशी कळायला भाषेची फारशी गरज नव्हती. मध्ये एकदा त्यानं जमिनीवर बोटानं एक, रेघ आणि दोन काढून दाखवलं. नवरा त्या खुणेकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं.

त्यानं विचारलं, हे आधी कुणाला माहीत होतं का. मित्रानं कंपनीचं सांगितलं. लपवलं नाही.

मग त्यांनी सांगितलं का नाही, असं नवऱ्यानं विचारलं. मित्र म्हणाला, त्यांनी सांगितलंच पाहिजे असं आम्ही लिहून घेतलं नव्हतं.

नवरा रागावला असता, त्यानं आम्हाला हाकललं असतं, तर बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. तो हळू आवाजात काहीतरी बोलला, आणि मित्राचा चेहरा असा झाला की मी त्याच्या हातावर हात ठेवला. ते वाक्य त्यानं मला गाडीत बसल्यावर मराठीत सांगितलं.

"तो म्हणाला, पूर्वी मराठीत सांगायचे तेव्हा ती कधी भरवसा ठेवायची नाही. कुणाकडून तरी दोनदा विचारून घ्यायची. आपल्या बोलीत आल्यावर तिनं विचारणं सोडलं."



त्यानंतर त्याच्या बहिणीनं आपला आवाज काढून टाकायला सांगितलं. तिला कुणी दोष दिला नव्हता, पण गावात बाया तिला ओळखतात, त्या बाईच्या माहेरच्याही. त्यानं आमच्या प्रतीतून तो काढला. दुसऱ्यांनी घेतलेल्या प्रतींत तो आहेच. परवान्यानं तो हक्क त्यांना कायमचा दिलेला आहे. हे त्यानं बहिणीला सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली.

दवाखान्यात आता फोन माणसंच करतात, जमेल तेवढ्यांना. नवरा यंदा ऊसतोडीला गुजरातेत गेला आहे, मुलगी आत्याकडे आहे. शाळेत जाते असं कळलं, रोज जाते की नाही ते माहीत नाही. कंपनीनं आमची दुरुस्ती त्यांच्या प्रोग्रामात घेतली. त्या प्रोग्रामरनं नंतर नोकरी सोडल्याचं ऐकलं. यामुळेच सोडली की आणखी कशामुळे, ते मी विचारलं नाही.

मित्रानं परवाना तसाच ठेवला. त्याच्या शेजारी एक वेगळा परिच्छेद लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत. यात चुकीचं बोललं गेलेलं काही आढळलं, तर दुरुस्ती तुमच्या फाइलीत करा किंवा आमच्या, आम्हाला ती देऊ नका हवं तर, पण चूक कळवा. वकिलाच्या नजरेनं त्या परिच्छेदाला काही किंमत नाही. ती विनंती आहे, आणि विनंती कुणाला बांधत नाही.

त्याला जास्त छळतं ते वेगळंच. लायब्ररी उतरवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला नाव सांगावं लागत नाही. त्यामुळे जुनी आवृत्ती कुणाकुणाकडे आहे, हे त्याला कळायचा मार्ग नाही. ओळखीच्या सगळ्या संस्थांना त्यानं लिहिलं. काहींनी उत्तर दिलं, बऱ्याच जणांनी नाही. कुठल्यातरी पाड्यावर आजही संध्याकाळी फोन वाजत असेल, असं तो मध्येच, दुसरंच काही बोलताना म्हणतो.

गेल्या महिन्यात बडवानीकडून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. तो परिच्छेद वाचूनच त्यानं लिहिलं होतं. शब्दांत लिहिलेलं पाव गोळी म्हणतानाही पहिला शब्द गिळला जातो, नुसतं गोळी एवढंच ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं. मित्रानं बहिणीचा आवाज असलेली जुनी आवृत्ती लावून पाहिली. खरंच होतं. त्यानं लगेच आभार मानून उत्तर लिहिलं आणि खाली विचारलं, हे तुम्हाला तपासताना कळलं, की कुणी अख्खी गोळी घेतली होती?

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.